अनुपमाचं एन्झाइम

गुरुवारी दुपारी दत्तप्रसाद बुटांसकट स्वयंपाकघरात शिरला, तेव्हाच शोभनाने ओळखलं की हातातला थर्मोकोलचा खोका काही तिच्यासाठी नाही.

"फ्रीजरमध्ये जागा कर. यल्ला, पटकन."

"आहे काय?"

"एन्झाइम. अल ऐनच्या युनिव्हर्सिटीतल्या अनुपमाचं."

प्रयोगशाळांना माल पुरवणाऱ्या अबुधाबीतल्या एका कंपनीत तो होता. पार्सल विमानतळावर अडकलं, सुटेपर्यंत कंपनीचं मुसफ्फाचं गोडाऊन बंद झालं, आणि उद्या शुक्रवारची सुट्टी. शनिवारी सकाळी तो स्वतः ते नेऊन देणार होता. सुरमईच्या तुकड्या, खोवलेला नारळ, सगळं त्याने भराभर ओट्यावर काढलं. एरवी या माणसाने फ्रीज उघडायचा तो पाण्याच्या बाटलीपुरता, आणि रिकामी बाटली तशीच परत आत ठेवायची.

खोक्यातून करंगळीच्या पेराएवढी नळी निघाली. त्याने ती इतक्या जपून धरली, की लेकीलासुद्धा बाळपणी त्याने असं धरलेलं शोभनाला आठवेना.

"एवढंसं?"

"एवढंसंच. जंतू साखर पचवतात ना, त्यासाठी लागतं हे. एका जंतूचं जीन काढून दुसऱ्यात घालतात, मग तो दुसरा बिचारा हे बनवत बसतो."

"म्हणजे नाव एकीचं, राबणार दुसरी."

"तसंच काहीतरी," तो हसला. टोमणा त्याच्या डोक्यावरून गेला होता. "अनुपमाचं सगळं काम यावर अडलंय. हुशार बाई आहे हां."

हुशार बाई. जेवताना हुशार बाई, गाडीत हुशार बाई. शोभनाने त्या रात्री सगळी सुरमई तळली.

शुक्रवारी सकाळी तो गाडी धुवायला घेऊन गेला. अल ऐनला जायचं म्हणून. शोभनाची आई पहिल्यांदा आली, तेव्हा विमानतळावर हीच गाडी धुळीने माखलेली नेली होती त्याने. शोभनाने फ्रीजर उघडला, नळी काढली आणि गॅसजवळ ओट्यावर ठेवली. बघू दे हुशार बाईला. मग चहा केला. तो पिऊन झाला तशी दुसरा टाकला, आणि तो उकळता उकळता तिचा धीर सुटला. नळी उचलली तर आतल्याचं पाणी पाणी झालेलं. तिने ती घाईने परत आत सरकवली.

दत्तप्रसाद आला तो थेट फ्रीजरपाशी. नळी उजेडात तिरकी करून म्हणाला, "छान आहे."

"अहो, ते पातळ झालंय."

"पातळच असतं. ग्लिसरॉल घालतात, फ्रीजरमध्येही गोठत नाही."

हायसं वाटायला हवं होतं. "मग बिघडलं तर कळतं कसं?"

"बघून नाही कळत. प्रयोग फसतात, आणि अनुपमा महिनोन्‌महिने शोधत बसते आपली चूक कुठे झाली."

जेवून तो झोपला. शोभनाने खोक्यावरचा अनुपमाचा नंबर फिरवला.

"मी शोभना, दत्तप्रसादांची बायको. तुमचं ते एन्झाइम सकाळी बाहेर राहिलं. गॅसजवळ."

"राहिलं, की ठेवलं?"

"ठेवलं."

"किती वेळ?"

"दोन चहा होईपर्यंत."

अनुपमाने श्वास सोडला. "आधी तपासते, मग वापरते. न सांगता दिलं असतंत तर माझं वर्ष गेलं असतं." मग म्हणाली, "माझा नवरा पुण्यात असतो, शोभनाताई. त्याच्या फ्रीजमध्ये कोणाचं काय ठेवलंय, हे मला इथून दिसत नाही. तुम्हाला निदान काढून बाहेर तरी ठेवता आलं."

शोभनाला हसू आलं आणि लाजही वाटली.

शनिवारी संध्याकाळी दत्तप्रसाद परतला तो विचारात. अनुपमाने त्याच्यासमोरच तपासलं होतं. जोर थोडा कमी भरला, पण जास्त घालून भागणार होतं. "बदलून देतो म्हटलं, तर नको म्हणाली. कारण विचारलं तर नुसती हसली. आणि पुढच्या शुक्रवारी जेवायला येतेय. तुझ्याकडे, म्हणाली. तुमची ओळख कधी झाली?"

"काल. फोनवर."

"मला कुणी बोललं नाही."

"तुम्ही झोपला होतात." तिने त्याला भात वाढला.

"एवढं बोललात तरी काय?"

"असंच. बायकांचं."

तो दोन घास जेवला, आणि त्याने पुन्हा विचारलं. शोभनाने आमटीचं भांडं त्याच्यापुढे सरकवलं. अजून एकदा विचारील, असं तिला वाटलं, आणि ती वाट बघत बसली.