सिग्नलच्या दांड्यावरचे कुलूप

मी एक जुने पितळी कुलूप आहे, मित्रांनो. पण तिजोरी राखणे काही माझ्या वाट्याला आले नाही. एका लहानशा कारखान्यात कारागिराने माझ्या कडा कानशीने घासल्या, किल्ली दहा वेळा फिरवून पाहिली आणि मला रेल्वेच्या केबिनमध्ये धाडले. तिथे सिग्नल बदलायचा लोखंडी दांडा हाच माझा जन्माचा सोबती झाला.

रुळांची दुरुस्ती निघाली की केबिनवाले सिग्नल लाल करून दांड्याला मला अडकवत. किल्ली कामगारांचे मुकादम खिशात घालून नेत. सगळी माणसे रुळांवरून बाहेर आली की ते स्वतः येऊन ती परत देत. तोवर गाडी सुटत नसे. दुसरी किल्ली भिंतीवरच्या काचेच्या पेटीत होती, पण तिला हात लावायची वेळ कधी आली नव्हती.

मुकादम म्हणजे केबिनवाल्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्या बहीण-भावाच्या आईचे शिलाई मशीन कुणी ठेवायचे यावरून दोघांचे बिनसले आणि वर्षभर त्यांच्यात विस्तव जात नव्हता. कामापुरते बोलत, तेही तोडून.

"किल्ली?"

"मिळाली."

एवढे झाले, की मुकादम जिना उतरू लागत.

एकदा भर दुपारी बोगद्यात काम होते. ते संपले तेव्हा निम्मे कामगार अलीकडच्या तोंडाने बाहेर आले, निम्मे पलीकडच्या. अलीकडच्यांनी फोन केला, "आम्ही सगळे बाहेर आलोय. मुकादम पलीकडून गेलेत, किल्ली घेऊन येतीलच."

बराच वेळ गेला तरी मुकादम आले नाहीत. केबिनवाले पलीकडच्या तोंडाशी फोन लावत होते, पण कुणी उचलत नव्हते. खाली गाडी उकाड्यात उभी होती. शेवटी स्टेशनमास्तर धापा टाकत जिना चढून आले.

"लोक माझं डोकं खातायत. फोडा ती काच!"

"किल्ली आली नाही, साहेब."

"अहो, बसले असतील चहा पीत! का भाऊजींवरचा राग गाडीवर काढताय? तुमचं भांडण साऱ्या स्टेशनला ठाऊक आहे."

केबिनवाल्यांचे कान लाल झाले. मला वाटले, आता हे चिडून काच फोडणार. पण ते हळूच म्हणाले, "भांडण घरचं आहे, साहेब. किल्ली त्यांच्या खिशात आहे."

त्यांनी पुन्हा फोन लावला. या वेळी उत्तर आले.

"मुकादम? ते तर तुमच्याच बाजूने निघाले होते ना?"

स्टेशनमास्तरांनी फोन हिसकावून घेतला आणि सगळ्यांना आत शोधायला पाठवले.

कामगार बॅटऱ्या घेऊन दोन्ही बाजूंनी आत धावले. बोगद्याच्या वळणावर त्यांना मुकादम सापडले. विसरलेला जॅक आणायला ते कुणाला न सांगता एकटेच मागे फिरले होते. पाय घसरून पडले, नडगी मोडली. उठता येईना आणि ओरडून ओरडून घसा बसला होता. त्यांचा मोडलेला पाय रुळावर आडवा पडला होता.

त्यांना झोळीत घालून केबिनखाली आणले. किल्ली ते दुसऱ्या कुणाच्या हाती देईनात. केबिनवाले दोन-दोन पायऱ्या ओलांडत खाली गेले. खिडकी उघडी होती, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"इतका वेळ काच का नाही फोडलीस रे?" घोगऱ्या आवाजात मुकादमांनी विचारले.

"तुम्ही आला नव्हतात ना, भाऊजी."

मुकादमांनी मेहुण्याचा हात धरला, तो दवाखान्याची गाडी येईपर्यंत सोडला नाही.

शिलाई मशीन कुणाकडे राहिले, ते मला कधी कळले नाही. पण प्लॅस्टर निघाल्यावर मुकादम किल्ली न्यायला आले, की अर्धा तास केबिनमध्ये रमायचे. स्टेशनमास्तर पाहुण्यांना मुद्दाम वर आणून मला दाखवत, "याने माणूस वाचवला." मी संकोचायचो. मी नुसता लटकत होतो.

पुढे दांडे गेले, बटणे आली. आता मी एका खणात तुटक्या पेन्सिलींशेजारी पडून आहे. माझी कडी गंजली आहे. महिन्याकाठी तेलाचे दोन थेंब मिळाले, तर अजूनही घट्ट बसेन.

मित्रांनो, तुमची गाडी कधी आडरानात उगाच थांबली, तर खुशाल वैतागा. उकाड्यात कुणीही वैतागेल. फक्त कुणी आत राहिले नाही ना, याची खात्री होईपर्यंत कुणालाही काच फोडायला लावू नका.