थोरल्याचा आणि धाकटीचा

आमच्या लाँड्रीत मळक्या चादरींची गाठोडी उघडायचं काम माझ्या थोरल्या मुलाचं. लॉजचा माल, दवाखान्याचा माल, आत काय असेल नेम नाही. तो हातमोजे चढवून गाठ सोडायचा, सगळं कढत पाण्यात टाकायचा, मगच दुसऱ्या कुणी हात लावायचा. "मला होऊन गेलाय. आता तो माझ्या वाटेला जात नाही," असं म्हणायचा, आणि आम्हीही तेच धरून चाललो होतो. धाकटी सून शेवटाला, इस्त्रीवर. ते काम स्वच्छ. पोटुशी होती, पुढे आलेलं पोट टेबलाला लागायचं, म्हणून तिरकी उभी राहून इस्त्री फिरवायची. पण चादरीला एक सुरकुती राहील तर शपथ.

होऊन गेला म्हणजे मंकीपॉक्स. आम्ही माकडाचं काय घोडं मारलं होतं देव जाणे, पण मागच्या साथीत तो आमच्याच घरी आला. थोरल्याला ताप असा आलाच नाही. कमरेखाली चार-दोन फोड, सांगता येणार नाही अशा जागी. दुखायचे मात्र असे, की हा दांडगा माणूस दाराआड उभा राहून रडायचा. दवाखान्यात गेला तर तिथल्या कारकुनानं भर रांगेत विचारलं, "कुणाकुणाकडे जाऊन आलास रे?" रांग फिदीफिदी हसली. मग गोळ्या मिळाल्या, खपल्या पडल्या, माणूस कामाला लागला. गेली ती फक्त बायको. माहेरी गेली आणि परत आली नाही. लोकांनी नावं ठेवली तेव्हा मी दारात उभी राहून एकेकीची अशी हजेरी घेतली, की अजून आमच्यासमोरून जाताना बायका पदर सावरून भराभर चालतात.

या खेपेला साथ परत आली तेव्हा धाकटीला आधी ताप भरला. मग जिभेवर फोड, मग कपाळावर, गालावर, तळहातांवर, तळपायांवर. आला कुठून ते आजतागायत कळलेलं नाही. मी थोरल्याला हाक मारली. तो चौकटीत उभा राहून बघत राहिला.

"हा तो नाही," तो म्हणाला.

"जवळ येऊन बघ की. तिथून काय दिसतंय?"

"आई, मी भोगलाय. माझा असा नव्हता. माझ्या तोंडावर एक फोड नव्हता. या कांजिण्या आहेत."

मी धाकटीला विचारलं, "तुला लहानपणी झाल्या होत्या का गं?"

"माझ्या आईला माहीत असणार," ती म्हणाली. तिची आई लग्नाआधीच वारलेली.

"मी म्हणते, दाखवून तर आणू," मी म्हटलं.

तसा थोरल्याचा आवाज चढला. "आण ना. ते विचारतील, घरात आधी कुणाला झाला होता? काय सांगशील? हिच्या दिराला? धाकटा महिना-महिना ट्रकवर, घरात मी. लोक काय म्हणतील ते तूच बोलून दाखव."

धाकटीनं भिंतीकडे तोंड केलं. "कांजिण्याच आहेत, आई. भाऊजींना कळतं त्यातलं."

तर घरीच ठेवली. वेगळी खोली, वेगळं ताट, पाण्यानं पुसून घ्यायचं, तापाची गोळी द्यायची. मीच करायचे, कुणाला आत येऊ द्यायचे नाही. मान सुजली, जबड्याखाली गोट्या आल्या. भाताची पेज गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं. तरी पोरगी वात्रट. म्हणाली, "आई, आता मला घडी घालून ठेवलंत तरी ठिपक्यांची चादर म्हणून खपून जाईन."

"गप. ठिपक्यांच्या चादरी कुणी धुवायला टाकत नाही हल्ली," मी म्हटलं. हसलो दोघी.

मग एका दुपारी ती म्हणाली, "हा हलत नाहीये."

"झोपला असेल. बापासारखा आळशी."

"काल पण नाही हलला, आई. मला वाटलं तापामुळे मलाच कळत नाही."

लाँड्रीच्या गाडीतला माल थोरल्यानं रस्त्यावर फेकला, तिला आत निजवलं आणि गाडी हाणली.

डॉक्टरीणबाईंनी तिला वेगळ्या खोलीत घेतलं. नखशिखान्त झाकलेल्या, नुसते डोळे दिसत होते. त्यांनी तळहात पालथे-उताणे करून पाहिले.

"इतके दिवस कुठे होतात?"

"घरी. कांजिण्या म्हणून," मी म्हटलं.

"कांजिण्या कोण म्हणालं?"

"मी," थोरला म्हणाला. "मला मागे झाला होता. असा नव्हता तो."

"नसणारच. नाव एकच, पण ही जात वेगळी. तुमच्या वेळी बहुतेक पुरुष होते, फोड थोडे, आणि जवळजवळ सगळे घरी गेले. आता बायका येताहेत, पोरं येताहेत, अंगभर घेऊन. आणि गरोदर बायकांना..." त्यांनी पोटावर यंत्र फिरवायला घेतलं.

थोरला मागे लागला. "मला गोळ्या दिल्या होत्या. त्याच द्या. बाहेरून आणायच्या असतील तर आणतो."

"या साथीत देऊन पाहिल्यात. घेणारा आणि न घेणारा, दोघांचे फोड सारख्याच वेळात वाळले."

"मला गुण आला होता!"

"तुम्ही गोळीवाचूनही बरे झाला असता," बाई म्हणाल्या. "सलाईन, ताप उतरवणं, जखमा जपणं, आमच्याकडे एवढंच आहे. वेळेवर आलेली पुष्कळ माणसं तेवढ्यानंही वाचतात. ही वाचेल असं वाटतंय."

"आणि पोटातलं?" मी विचारलं.

यंत्र एकाच जागी थांबलेलं होतं. त्यांनी ते उचललं, परत टेकवलं, परत उचललं.

मोकळी करायला वेळ लागला. तिच्या अंगात कळ द्यायचंही बळ नव्हतं. मुलगा होता. मी म्हटलं, मला दाखवा. नर्स नको म्हणाली. मी म्हटलं, बाई गं, मी दोन काढलेत आणि दुसऱ्यांचे किती उचललेत, तू मला शिकवू नकोस. तिनं कापड बाजूला केलं. तेवढ्याशा पाठीवर, तेवढ्याशा तळपायांवर तेच फोड. पोर आईच्या पोटात असूनही रोगाला जागा सापडली होती.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. वारेचा तुकडा तपासायला हवा होता त्यांना, आम्ही हो म्हटलं तर. "पुढच्या साथीला उपयोग होईल," म्हणाल्या.

"पुढचा असाच येईल कशावरून?"

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. खोटं बोलल्या असत्या तर मी त्यांच्याशी भांडले तरी असते.

"न्या," मी म्हटलं.

थोरला गाडीत बसून होता. त्याच्या फोनवर गल्लीतल्या कुणाचा तरी फोन आला, पोराच्या अंगावर काहीतरी उठलंय, तू सांग बाबा, तुझे कसे होते. त्यानं फोन माझ्याकडे दिला. "दवाखान्यात घेऊन या, आत्ता," एवढं मी बोलले आणि बंद केला. तो स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. त्याच्या पाठीवर हात ठेवावा असं मला वाटलं, पण माझा हात उठला नाही.

आत गेले. धाकटी जागी होती. डोळे सुजून फटी झालेल्या. मी चमच्यानं पाणी पाजत होते.

"तुम्ही बघितलंत त्याला?"

"बघितलं."

"त्याच्या अंगावर होते?"

"छे. स्वच्छ होता," मी म्हटलं. "इस्त्री केल्यासारखा."

ती पाणी गिळायची थांबली.

"मग तो गेला कशानं, आई?"