वीरूचं गालबोट

वीरूच्या पहिल्या वाढदिवसाचा फ्लेक्स कामरगावच्या बसस्टँडसमोर लागणार होता, आणि त्यावर त्याच्याशेजारी माझी राहीही असणार होती. वीरू माझ्या जाऊबाईंचा, चंदाताईंचा. राही त्याच्याहून फक्त अठरा दिवसांनी लहान. एकाच घरातली दोन लेकरं. पण वीरूच्या मनगटाला वळ्या पडतात, आणि राहीच्या हातातले काळे मणी कोपरापर्यंत सरकतात.

बी.कॉम. झालेली मी फोटोशॉप शिकले ते लग्नानंतर, मोठे दीर, म्हणजे चंदाताईंचे नवरे हरीओमभाऊ, यांच्या स्टुडिओत. फोटो ते काढतात, कॉम्प्युटर माझ्याकडे. आधारकार्डासारखा आलेला चेहरा लग्नाच्या बायोडाट्याजोगा करायचा, हे माझं काम. डाग उडव, रंग उजळव, हनुवटी आत घे. एकदा तर केनवडचे पाहुणे मुलगी समोर बसलेली असताना विचारते झाले, "फोटोतली कुठं हाय?"

दोन्ही लेकरांचा फोटो काढायच्या आधी चंदाताईंनी दोघांच्या गालावर काजळाचं बोट टेकवलं. "नजर नको लागाले माह्या पोराईले," म्हणाल्या. राहीलाही त्यांनी आपलीच म्हटलं, ते मला आवडलं नाही. ज्याचं भरलेलं असतं त्याला उदार होता येतं.

दोन महिन्यांपासून राहीचं वजन पावणेसात किलोवर अडकलं होतं. अंगणवाडीच्या ताईंनी कार्डावरचा ठिपका कमी वजनाच्या पिवळ्या पट्ट्यात टाकला आणि अकोल्याला लहान मुलांच्या डॉक्टरांना दाखवा म्हणाल्या. बाप आल्याशिवाय लेकरू दवाखान्यात न्यायचं नाही, असं सासऱ्यांचं. बाप, म्हणजे माझा नवरा रविकांत, पुण्याला कंपनीत. रोज फोनवर विनवण्या केल्या तेव्हा कुठे शनिवारची सुट्टी काढायला तयार झाला होता.

स्क्रीनवर दोघं शेजारी शेजारी आली. फ्लेक्सवर ती तीन-तीन फुटांची होणार, आणि एसटीची वाट पाहणारं अख्खं गाव त्यांना जोखत बसणार. मी चेहरा ओढून-दाबून बदलायचं लिक्विफाय उघडलं. राहीचे गाल हळूहळू बाहेर ओढले. मानेपाशी एक वळी केली. मग ब्रश वीरूकडे गेला. त्याचे गाल थोडे आत. फार नाही, कुणाला कळू नये एवढेच. आणि मग हीलिंग ब्रशनं त्याच्या गालावरचं काजळाचं बोट पुसलं. एक क्लिक. राहीचं ठेवलं.

का पुसलं ते मला ठाऊक होतं. लोक बघतील ना, बघू देत.

हरीओमभाऊंनी फोटो पाहून "वा!" म्हटलं आणि घरच्या ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत रविकांतचा फोन.

"वैजू, पोरगी तं मस्त भरली ना! वीरूच्या बरोबरीची दिसून राह्यली."

"अवो, फोटोत दिसते तशी."

"मंग? फोटो का खोटा बोलते? मी साहेबाले सांगतो, शनिवारची सुट्टी नको. आता दिवाळीतच येतो."

"पण वजन..."

"तू तं कायम घाबरूनच राह्यतं," तो हसला आणि फोन ठेवला.

राही माझ्या मांडीवर होती. सकाळपासून दोन घोट दूध पोटात गेलेलं.

तेवढ्यात चंदाताई चहा घेऊन आल्या. कप ठेवता ठेवता स्क्रीनकडे पाहिलं.

"माह्या पोराचं बोट कुठं गेलं वं?"

"ते... कॉम्प्युटर डाग समजून उडवते, ताई. आपोआप."

"हो का?" त्या आणखी वाकल्या. "मंग राहीचं काहून नाही उडवलं? तिचं तं याच्याहून मोठं हाय."

मी मांडीवरच्या राहीचं झबलं सारखं करू लागले.

"मी धावी नापास हाव, वैजू. पण माह्या पोराचा गाल मले हातानं पाठ हाय."

फोटोशॉपमध्ये प्रत्येक लेयरपुढे, म्हणजे फोटोवर चढवलेल्या थरापुढे, एक लहानसा डोळा असतो. मी वरच्या लेयरचा डोळा बंद केला. खालचा मूळ फोटो उघडा पडला. वीरूचे गाल पुन्हा फुगले, बोट जागेवर आलं. राहीचे गाल बसले. आणि त्या एवढ्याशा गालावर काजळाचं बोट केवढं तरी दिसत होतं.

चंदाताई वीरूकडे बघत नव्हत्या.

"रविकांतभाऊजीनं हेच पाह्यलं?"

"नाही. केलेलं पाहिलं. शनिवारी येत नाही म्हणाले."

"अन् तू बसली काय मंग? धाड ना हा."

धाडायचा म्हणजे वीरूही तस्साच जाणार, गुबगुबीत. त्याला कापून एकट्या राहीचा धाडावा, असं मनात आलं. कापायची चौकट ओढलीसुद्धा. पण एकटी राही नुसतीच नाजूक दिसत होती. किती बारीक आहे, हे वीरूशेजारीच कळत होतं. मी दोघांचा धाडला. खाली लिहिलं, 'आधीचा मी केलेला होता. राही अशी आहे.'

दोन्ही खुणा निळ्या झाल्या. मग उत्तर आलं, 'शुक्रवारी निघतो.'

माझा चहा गार झाला होता. चंदाताई गेल्या नव्हत्या.

"फ्लेक्सवर कोणता टाकू?" मी विचारलं.

"हाच. फक्त वीरूचं बोट बारीक दिसून राह्यलं. मोठं कर."

मी ब्रशचा रंग काळा केला आणि वीरूच्या गालावर माउसनं गोल बोट लावलं.

"अजून मोठं," चंदाताई राहीला माझ्या मांडीवरून उचलून घेत म्हणाल्या. माझ्याकडे पाहिलं नाही. "घरातल्याच नजरा लय लागतात, बाई."

मी आणखी मोठं केलं.