पट्टी काळी झाली का?

मालकीणबाईंच्या या भाच्याचं वागणं बघून माझं झाकण तडतडतं. सकाळी येतो, आरशात केस बसवतो, गाणी लावतो आणि माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही. वर चहाचा कप ठेवतो तो माझ्या डोक्यावर. माझ्या!

मित्रांनो, मी एक जुनी, अवजारांवरचे जंतू मारणारी वाफेची पेटी आहे. गोंदवण्याच्या आणि नाक-कान टोचण्याच्या दुकानात राहते. एकाच्या अंगाला लागलेला चिमटा दुसऱ्याला लावायचा, तर तो आधी माझ्या पोटातून जावा लागतो. रक्तातून पसरणारे आजार डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून मी कशावरच विश्वास ठेवत नाही. चकचकीत चिमटा दिसला की मला जास्तच संशय येतो. एवढा नटलाय कशाला हा?

मालकीणबाईंनी मला मानाने भिंतीलगत बसवलं होतं. चिमटे, कड्या कागदी पाकिटांत बंद करून त्या माझ्यात ठेवायच्या. पाकिटावर फिकट पट्टी असते. माझी कडक वाफ लागली की ती काळी पडते. बाई गिऱ्हाइकाला आधी पट्टी दाखवायच्या, मगच पाकीट फोडायच्या. सुई तर दरवेळी नवी, त्याच्यासमोर उघडलेली. कोणी धावत येऊन दंडावर कुणाचं नाव गोंदवा म्हणालं, की म्हणायच्या, "आधी घरी जा, जेव, झोप. उद्याही तेच नाव आठवलं तर ये."

मग बाईंचे गुडघे गेले आणि दुकान भाच्याकडे आलं. मला तापायला वेळ लागतो आणि याला सदा घाई. आधी मला अधूनमधून लावायचा, मग वायरच गुंडाळून ठेवली. तरी पाकिटांवरच्या पट्ट्या काळ्याच! मी थंडगार, आणि पट्ट्या काळ्या? मी लक्ष ठेवलं. एका दुपारी बघते तर काय, साहेब जीभ बाहेर काढून काळ्या पेनाने एकेक पट्टी रंगवताहेत.

परवा एक मुलगी मावशीला घेऊन आली. तिला कानाच्या वरच्या भागात कडी घालायची होती.

"घाबरू नका मावशी, डोळे मिटा, उघडा, झालं!" भाचा म्हणाला.

"डोळे मिटायला नाही आले मी इथे," मावशी म्हणाली.

मुलगी नुकतीच हात धुऊन आली होती. "पट्टी काळी हवी ना? मी विचारून आलेय," म्हणत तिने ओल्या बोटांनीच पाकीट उचललं. बोट काळं झालं, पट्टी फिकट.

"हे काय?"

"ते... हवा दमट आहे ना."

"हवेने पट्टी पुसली," मावशी म्हणाली, "मग आजारही हवाच पुसणार का रे?"

मुलगी उठली. कडी तिला फार आवडली होती. दारातून तिने मागे वळून पाहिलं, पण थांबली नाही.

मित्रांनो, हौस जरूर करा, पण आधी विचारा. 'पाकीट माझ्यासमोर फोडा' असं म्हणा. विचारल्यावर जो चिडेल, त्याच्या खुर्चीत बसू नका.

त्या दोघी गेल्यावर भाच्याने माझ्या डोक्यावरचा कप उचलला, वायर सोडली, मला लावलं. मी तापले आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशी फुसफुसले, "आज घाबरून लावलंस रे मला! लोकांचे कान हातात घ्यायची तुझी लायकी नाही अजून. पेन बरं चालतं ना तुझं? मग कागदावर रेघा ओढत बस."