ताईचा भाडेकरार

दुसरं घर घ्यायची हौस लिफ्टवाल्याला चांगलीच भोवली. राहायला एक घर होतंच. पण कर्ज मिळवून देणारा एजंट म्हणाला, "भाड्यात हप्ता निघतो, घर फुकटात पडतं," आणि जन्मभर दुसऱ्यांच्या इमारतींत लिफ्ट दुरुस्त करत फिरलेल्या माणसाला ते पटलं. पगार तेवढा कर्जाला तोकडा पडत होता. त्यावरही एजंटाकडे तोड होती. "भाडेकरार जोडा. भाडं येणार असं दिसलं की बँक देते."

भाडेकरू कुठून आणायचा? ताई होती. त्याची थोरली बहीण, नवरा गेल्यापासून मुलाच्या घरी अंग चोरून राहणारी. तिने महिना अठरा हजारांच्या करारावर सही केली, बँकेने कर्ज दिलं आणि ताई त्या घरात राहायला आली.

पहिल्या महिन्यात तिने पैसे पुढे केले होते, अगदी मोजून पाकिटात घालून. नवऱ्याच्या तुटपुंज्या पेन्शनमधले. "राहू दे गं, नंतर बघू," तो म्हणाला. ते 'नंतर' दोन वर्षांत उगवलं नाही. हप्ता तो पगारातूनच ओढत होता.

ताईने मात्र तो करार प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवला होता. विहिणीला दाखवला, शेजारणीला दाखवला. "मी कुणाच्या उपकारावर राहत नाही, भाडं भरते," असं ती म्हणे, आणि सांगून सांगून तिचं तिलाही ते खरं वाटू लागलं असावं. मुलाकडे खालमानेने जेवणारी ही बाई इथे लिफ्टवाल्यावर डाफरायची. "मोरीतला नळ गळतोय. भाडं घ्यायचं तेवढं बरं कळतं तुम्हा घरमालकांना!" तो हसत हसत वायसर बदलून द्यायचा. खरं सांगायचं तर, त्या घराचं त्याला मिळालेलं एवढंच उत्पन्न होतं.

मग कर खात्याची नोटीस आली. सरकारदरबारी नोंदवलेल्या करारात भाडं आहे, मग तुमच्या विवरणपत्रात का नाही?

करसल्लागाराने कागद वाचून चष्मा काढला. "अहो, भाडं दाखवायचं आणि त्यातून कर्जाच्या व्याजाची वजावट घ्यायची. कर नावालाच लागला असता."

"पण भाडं आलंच नाही, तर दाखवू कसं?"

"मग करार कशाला केलात? हात दाखवून अवलक्षण! आता वजावटीची मुदत गेली. भाडं आलं म्हणालात, तर दोन वर्षांचा कर, त्यावर व्याज आणि दंड. सव्वा लाख धरून चाला. नाही आलं म्हणालात, तर बहिणीने तसं लिहून द्यायला हवं. बँकेला कळलं तर ती वेगळी कटकट, पण हप्ता चुकत नाही तोवर ती उकरायला येणार नाही."

गाठीला सव्वा लाखच होते. कंपनीत माणसं कमी करायचं चाललं होतं, नोकरी गेली तर हप्ते भरायला म्हणून ते ठेवले होते. हप्ते थकले की घर बँकेचं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"सहीच तर करायचीय ताईंना," बायको म्हणाली. "आणि खरं तेच लिहायचंय ना? मग एवढं काय त्यात?"

खरं तेच होतं. म्हणूनच त्याची जीभ रेटत नव्हती.

रविवारी तो गेला तेव्हा शेजारीण बसलेली होती. "आले बघा आमचे घरमालक वसुलीला!" ताई म्हणाली, आणि दोघी खळखळून हसल्या. शेजारीण उठून गेल्यावर त्याने खिशातला कागद काढला. ताईने तो मोठ्याने वाचला. "मी सदर घरात सुरुवातीपासून विनामोबदला राहत असून, माझ्या भावास आजवर कोणतेही भाडे दिलेले नाही."

"ताई, नुसता कागद आहे गं तो."

"तोही कागदच होता," ती म्हणाली. तिने सही केली, कपाटातली प्लास्टिकची पिशवी आणून त्याच्या हातात दिली आणि त्याला चहा करून दिला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तो चहा पिऊन, कागद घेऊन निघाला.

नोटीस मिटली. पैसे वाचले.

महिन्याभराने तो ताईकडे गेला. हातपाय धुवायला मोरीत गेला, तर नळाला फडकं गुंडाळलेलं, आवाज होऊ नये म्हणून. खाली अर्धी भरलेली बादली.

"कधीपासून गळतोय हा?"

"झाले की पंधरा दिवस."

"मग सांगितलं का नाहीस?"

ताई दारात उभी होती, पदराला हात पुसत.

"कुठल्या तोंडाने सांगू रे?"

त्याने आपल्या हत्यारांच्या पिशवीतून पाना काढला आणि नळापुढे उकिडवा बसला. एवढा कसलेला मेकॅनिक, पण त्या दिवशी त्याला साधा वायसर बसवता येईना.