न मागितलेली दाद

चष्मेवाल्याला मैदानावर पंच म्हणून उभं करणं म्हणजे लोकांच्या हाती आयतं कोलीत देणं. पहिला निकाल मनाविरुद्ध गेला, की बाकावरून कुणीतरी ओरडणारच, "अहो, दुकानातला एखादा स्वतःच्या नाकावर ठेवा की!" चष्मेवाल्याला आताशा ते ऐकूही येत नसे. मुलींच्या सॉफ्टबॉलच्या सामन्यांना पंच होता होता त्याचे कान चांगलेच निबर झाले होते.

पण त्या रविवारची गोष्ट वेगळी होती. ठरलेले पंच आजारी पडले आणि ऐन वेळी नियम येणारा असा एकच माणूस सापडला, तो हा. आणि खेळणार कोण, तर एका बाजूनं त्याची सख्खी भाची. डावखुरी, संघाची पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारी. पुढच्या वर्षी या गटात तिचं वय बसणार नव्हतं, त्यामुळे हा तिचा इथला शेवटचा सामना. चेंडू हातातून कसा सोडायचा हे तिला यानंच शिकवलेलं, दुकानामागच्या बोळात, शटर अर्धं ओढून. आता बोला!

"मी नाही उभा राहणार," तो म्हणाला. "लोक काय म्हणतील?"

तेव्हा समोरच्या संघाचे कोच पुढे आले. हे गृहस्थ गाडी चालवायला शिकवायचे. सगळा जन्म शिकाऊ माणसांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसण्यात गेलेला, त्यामुळे कुणी वेगात पळू लागलं की त्यांचा पाय आपोआप जमिनीवर ब्रेक दाबायचा. ते म्हणाले, "आमची काही हरकत नाही. फक्त मैदानात मामा-भाची नको."

"मैदानात मी पंच," चष्मेवाला म्हणाला आणि भाचीकडे वळला. "कळलं ना? मामा म्हणायचं नाही."

"हो, पंच," भाची म्हणाली.

मग त्यानं दोन्ही संघांना समोर उभं करून नेहमीचं भाषण ठोकलं. "चेंडू आत पडला की बाहेर, ते मी सांगेन. पण धावताना वाटेतल्या एखाद्या बेसच्या गादीला कुणाचा पाय लागायचा राहिला, तर ते मी आपणहून सांगणार नाही. ज्यांना दिसलं असेल त्यांनी मैदान सोडायच्या आत माझ्याकडे दाद मागायची. मागितलीत तर निकाल मिळेल. नाहीतर मी मूग गिळून गप्प."

भाचीच्या संघाच्या कोच म्हणजे त्यांच्या शाळेतल्या गणिताच्या बाई. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "म्हणजे तुम्हाला दिसलं असलं तरी?"

"दिसलं असलं तरी."

"हे काहीतरीच!"

"नियम आहे, बाई. मी नाही केलेला."

सामना सुरू झाला आणि दोन्हीकडून त्याची हजामत सुरू झाली. भाचीचा चेंडू बरोबर पडला म्हणून स्ट्राइक म्हटलं की पलीकडचे पालक टाळ्या पिटून ओरडत, "मामा पंच की जय!" आणि नाही म्हटलं की अलीकडे बसलेली त्याची ताई, म्हणजे भाचीची आई, पिशवीत काहीतरी शोधत असल्यासारखी मान फिरवी. कोचमहाशय दर दोन चेंडूंनी कमरेवर हात ठेवून येत. एकदा तर रेषेवर पडलेल्या चेंडूवरून त्यांनी इतकी हुज्जत घातली, की शेवटी आपण नेमकं काय म्हणत होतो हे तेच विसरले. चष्मेवाला मात्र ढिम्म हलला नाही. चेहरा कोरा ठेवायचा, निकाल द्यायचा आणि वाकून छोट्या ब्रशनं होम प्लेटवरची, म्हणजे फलंदाजापाशी जमिनीत बसवलेल्या पांढऱ्या पाटीवरची, धूळ झाडायची. दुकानात काचा पुसणाऱ्या माणसाला घाणेरडी प्लेट कशी बघवेल?

शेवटच्या इनिंगपर्यंत सामना बरोबरीत आला. शेवटची फलंदाजी समोरच्या संघाची, त्यांच्या दोन मुली आऊट झालेल्या, आणि पहिल्या बेसवर त्यांची एक बुटकी मुलगी उभी. ही बुटकी म्हणजे अजब चीज. चालताना पेंगल्यासारखी वाटायची आणि पळताना कुणाच्या बापाला आवरायची नाही. भाचीनं चेंडू टाकला, तो सणसणीत बसला आणि पार कुंपणापर्यंत गेला. झालं! बुटकी सुटली. दुसरा बेस गेला, तिसरा आला. तिसऱ्याजवळ कोच दोन्ही हातांनी "पळ, पळ" करत होते आणि पाय ब्रेक दाबत होता. चष्मेवाला होम प्लेट सोडून पुढे धावला, नीट दिसावं म्हणून.

आणि त्याला दिसलं. वळण घेताना बुटकीचा पाय तिसऱ्या बेसच्या आत, वीतभर अंतरावर, मातीत पडला. बेसला लागलाच नाही. शंकाच नको इतकं स्वच्छ दिसलं.

बुटकी होम प्लेटवरून गेली, चेंडू मागून आला, आणि बाकांवर एकच गिल्ला झाला. तो संघ एकमेकींच्या अंगावर उड्या मारू लागला. कोचनी टोपी हवेत उडवली. त्यांना दिसलं होतं की नाही, देव जाणे. बुटकीनं मात्र नाचता नाचता एकदा तिसऱ्या बेसकडे वळून पाहिलं, असं चष्मेवाल्याला वाटलं. खरंच पाहिलं, की त्याचंच मन तसं म्हणत होतं?

आता दाद मागितली तर बुटकी आऊट, रन रद्द, सामना पुन्हा बरोबरीत. नाही मागितली तर सामना समोरच्यांचा, संपलं.

चेंडू फिरत फिरत भाचीच्या हातात आला होता. मदतीला म्हणून ती तिसऱ्या बेसच्या मागे धावली होती. आता ती चेंडू छातीशी धरून तिथेच उभी राहिली आणि तिनं चष्मेवाल्याकडे पाहिलं.

हिला दिसलंय का? की नुसतीच रडकुंडीला आलीये? माग ना गं, तो मनात म्हणाला. बोळात शंभरदा सांगितलंय तुला, माग! आणि लगेच घाबरला. आपल्या तोंडावर हे दिसत असेल तर? भुवई जरी हलली, तरी ती खूणच झाली. पलीकडचे सगळे बघतायत. उद्या गावभर होईल, मामानं डोळा मारला नि भाचीनं सामना फिरवला. काय करावं, कुठे बघावं, त्याला काही सुचेना. मग त्याच्या हातांनी त्यांना येत होतं तेच केलं. तो होम प्लेटपाशी गेला, खिशातून ब्रश काढला आणि वाकून प्लेट झाडू लागला. चांगली घासून घासून झाडली.

मान वर केली तेव्हा मैदान रिकामं झालं होतं. तिसऱ्या बेसजवळ चेंडू तेवढा पडला होता.

मैदानाबाहेर हात मिळवायला दोन्ही संघ रांगेत उभे राहिले. कोचनी त्याचे दोन्ही हात धरून गदागदा हलवले. "मानलं तुम्हाला! स्वतःची भाची हरली, पण तोंडावरची रेष हलली नाही." पालकही येऊन पाठ थोपटून गेले, मघाशी जय म्हणणारे तर सगळ्यात आधी. चष्मेवाल्याला कळेना, हे कौतुक घ्यायचं कुठे नि ठेवायचं कुठे. शेवटी भाची आली. हात पुढे करून म्हणाली, "थँक्यू, पंच."

संध्याकाळी तो दर रविवारसारखा ताईकडे जेवायला गेला. दिवसभर त्याच्या डोक्याचा भुगा झाला होता. नियम पाळला, हे तर खरं. मग चोरी केल्यासारखं का वाटतंय? आणि समजा बोललो असतो, तर तीही चोरीच ना? दोन्हीकडून चोरच ठरणार असू, तर मग नियम हवा कशाला? त्यानं नियमाचं पुस्तकही काढून बघितलं. गप्प राहावं, असंच त्यात होतं.

ताई स्वयंपाकघरात होती. तिचा राग भांड्यांवर निघत होता. भाचीनं टेबलावर ताटं मांडली.

"पाणी हवंय का, पंच?"

"अगं, सामना सकाळीच संपला," तो कसंनुसं हसत म्हणाला.

"हो ना. मग संपल्यावर प्लेट कशाला झाडत होतास?"

त्यानं हातातला पेला खाली ठेवला.

भाची समोर बसली. "मी बघितलं होतं. तिचा पाय लागला नव्हता. मी मागेच होते ना."

"मग दाद का नाही मागितलीस?"

"मागणारच होते. तुझ्याकडे बघितलं, तर तू खाली बघितलंस." तिचा आवाज चिरकला. "सामना संपल्यावर कोण प्लेट झाडतं? मला वाटलं, तू सांगतोयस नको विचारू म्हणून. लोक तुला नावं ठेवतील म्हणून. मग नाही विचारलं."

"अगं, मी तर... तुला माझ्याकडून खूण मिळू नये म्हणून..."

"तीच मिळाली ना!"

म्हणजे ती मला वाचवत होती? आणि मी कुणाला वाचवत होतो, नियमाला की स्वतःला? आपल्या जागी एखादा परका पंच असता, तर त्यानं काय केलं असतं? काहीच नाही. नुसता उभा राहिला असता, समोर बघत. आणि हिनं विचारलं असतं. इतकं साधं होतं ते.

"पुस्तकात लिहिलंय गप्प राहा," भाची म्हणाली. "खाली बघा असं कुठे लिहिलंय?"

"नाही लिहिलेलं," तो म्हणाला. त्याला रडूच यायचं बाकी होतं. "चुकलं माझं."

आत ताईनं कुठलंसं झाकण आपटलं. मग भाची उठली. खुर्ची मागे सारून टेबलाच्या पलीकडे ताठ उभी राहिली, सकाळी उभी होती तशी.

"पंच," ती म्हणाली, "धावणारीचा पाय तिसऱ्या बेसला लागला नाही. मी दाद मागतेय."

चष्मेवाला गोंधळून तिच्याकडे बघत राहिला. मैदान सोडलं की मुदत संपते, हे त्याला झोपेतही पाठ होतं. आता निकाल देणं हासुद्धा नियमभंगच. आणि त्यानं होणार काय? रन परत येणार नाही, सामना परत होणार नाही. मग ही मागतेय काय? पोर निकालाची वाट बघत उभीच होती. तो उठला. उजवा हात वर केला, मूठ घट्ट आवळली.

"आऊट!"

इतक्या मोठ्यानं, की ताई हातातल्या पळीसकट बाहेर धावत आली. "काय झालं? कोण आऊट? अरे, कोण आऊट झालं?"

भाचीच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण ती चष्मेवाल्याकडेच बघत होती.

"वर बघून सांग ना, मामा," ती म्हणाली.

तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, की मूठ वर होती खरी, पण आपले डोळे समोरच्या ताटात होते. त्यानं मान वर केली, भाचीच्या डोळ्यांत पाहिलं आणि पुन्हा म्हणाला, "आऊट."