लाल फडकं आलं, पण आई?

मी एक जुनी, तारेला टांगलेली खुर्ची आहे, मित्रांनो. झाग्रोस डोंगरातल्या एका लहानशा स्की-उतारावर माझ्यासारख्या बऱ्याच जणी दिवसभर वरखाली फिरतात. हिवाळ्यात मी स्कीवाल्यांना माथ्यावर नेते. उन्हाळ्यात सायकलवाले येतात, भटके येतात आणि रानपुदिना खुडणाऱ्या बायका येतात. माझा तोरा काही कमी नव्हता. मालकाने दरवर्षी मला झकास रंग दिला. बसणारा पडू नये म्हणून मांडीपुढे ओढायच्या दांड्याला तेल मात्र कधी दिलं नाही आणि तो गंजून वरच अडकून बसला.

उन्हाळ्यात माथ्यावर देखरेखीला माणूस नसे. तिथे खिळ्याला एक लाल फडकं टांगलेलं असे. सगळ्यांत शेवटी उतरणाऱ्याने ते आपल्या मागच्या खुर्चीला बांधायचं, ही इथली रीत. खाली फडकं आलं की सगळे उतरले असं समजून मोटार चालवणारा खोदादाद ती बंद करी.

त्याची आई, बीबी माहबानू, रोज माझ्यातून वर जाई, पण उतरायची चालतच. "उतरताना मी काय पोतं आहे, टांगून आणायला?" असं म्हणायची. त्या दिवशी मात्र तिचे गुडघे धरले होते. त्यात आभाळ भरून आलं. घाईघाईत तिने पुदिना त्या लाल फडक्यातच बांधला, गाठोडं पुढच्या खुर्चीवर ठेवलं आणि स्वतः माझ्यात बसली.

अर्ध्या वाटेत धुकं आणि गारा एकदमच आल्या. खाली खोदादादला धुक्यात वरून येणारं लाल पुसटसं दिसलं. ते पोचायची वाट न बघताच त्याने मोटार बंद केली आणि घराकडे धूम ठोकली.

मी दरीवर लटकत राहिले. वाऱ्याने गदागदा हलत होते. बीबीने दांडा ओढला, पण तो हलेना. तेव्हा मला माझ्या रंगाची लाज वाटली.

"खोदादाद! अरे मेल्या, मी आहे इथे!" ती ओरडली. गारांच्या आवाजात ते कुणाला ऐकू जाणार? तिने अंगावर पांघरलेल्या चादोरचं टोक माझ्या गजाला बांधलं. "सोडू नकोस गं मला," ती मला म्हणाली. तिचे हात गारठत चालले होते. मी घाबरले होते.

घरी काय झालं ते मागाहून कळलं. त्याच्या बायकोने, गुलनारने, विचारलं, "आई कुठेयत?"

"येईल पायवाटेनं."

"आज कसल्या चालतायत! खुर्चीतनं येते म्हणाल्या होत्या."

"फडकं आलं की!"

"अहो, पण आई आल्या का?"

तो अनवाणीच धावला. मोटार घरघरली, तार हलली. आधी गाठोडं खाली पोचलं, मग मी. बीबीची बोटं गजावरून सोडवावी लागली. तो रडत होता.

"रडतोस काय, घोड्या!" ती कापऱ्या आवाजात म्हणाली. "फडक्याला काय कळतंय? एक हाक मारायचीस की!"

दुसऱ्याच दिवशी दांड्याला तेल मिळालं. मित्रांनो, रंगरंगोटी खुशाल करा, पण ज्याच्या आधाराने कुणी बसतं त्याची आधी काळजी घ्या.

बीबी आता वर येत नाही. अंगणात बसून पुदिना निवडते. खोदादाद मात्र फडकं आलं तरी रोज संध्याकाळी उताराकडे तोंड करून हाक मारतो, "आई, आहेस का गं?" नवखे लोक हसतात. वरून कुणी ओ देतंय का, याची तो वाट बघतो आणि मगच मोटार बंद करतो.